नावाच्या डोक्यावरची रेघ

"मॅडम, ही वरची रेघ नाही दिली तर किती मार्क कापतात हो?"

दरवर्षी नवा वर्ग सुरू झाला की हा प्रश्न ठरलेला. मी एका तालुक्याच्या गावात, ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं. तालुक्याच्या गावात फ्रेंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण अकरावी-बारावीला मार्क मिळवून देणारा विषय म्हणून मुलं फ्रेंच घेतात. मग पहिला प्रश्न मार्कांचाच असणार ना! मी सांगायची, "अर्धा मार्क." मुलं लगेच मनातल्या मनात हिशेब करायची, म्हणजे चार रेघा गेल्या तरी दोनच मार्कांचा तोटा. चालेल!

त्याच रेघेनं परवा मला रात्री साडेअकरा वाजता उठवलं.

फोन होता माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. सातारा जिल्ह्यातली मुलगी. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रान्समध्ये, तुलूझला असते. विमानं बनवणारं शहर ते, आपल्याकडचे बरेच इंजिनिअर तिकडे आहेत. तिचे दिवस भरत आले होते.

"मॅडम, झोपला होतात का? एक विचारायचं होतं. इथे बाळ जन्मल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. पाच दिवस! आपल्याकडे बारसंच बाराव्या दिवशी. आत्यानं कानात कुर्रर्र करायच्या आधी सरकारच्या कानात नाव सांगायचं!"

मला हसूच आलं. आपल्याकडे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण नाव मागाहून घालता येतं. वर्षाच्या आत घातलं तर फी नाही, फी भरून अगदी पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. तोपर्यंत बाळ 'बेबी ऑफ' अमुक तमुक. फ्रान्समध्ये ती सोय नाही.

"मुलगी आहे," ती म्हणाली. तिकडे सोनोग्राफीत डॉक्टर हे सरळ सांगतात. आपल्याकडे का सांगत नाहीत, तसा कायदा का करावा लागला, हे तुम्हाआम्हाला चांगलं ठाऊक आहे. तो धागा जरा हातात धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

तिनं मोबाइलवरून एक यादी उतरवली होती. फ्रेंच मुलींची नावं आणि त्यांचे अर्थ. तिची इच्छा अशी, की एक नाव आपलं असावं आणि एक तिकडचं. फ्रान्समध्ये एका मुलाला दोन-तीन नावं देण्याची पद्धत जुनीच आहे. अडचण एवढीच, की यादीतल्या निम्म्या नावांवर रेघा आणि टिंबं होती. "मॅडम, या खुणा ठेवायच्या की सोडून द्यायच्या? घरचे म्हणतात, शोभेच्या आहेत."

शोभेच्या! मी उठून बसले. दिवा लावला.

मैत्रिणींनो, फ्रेंच अक्षरं इंग्रजीसारखीच सव्वीस. पण त्यांच्या वर-खाली पाच प्रकारच्या खुणा येतात. पहिली, उजवीकडे वर चढत जाणारी तिरकी रेघ. ही फक्त 'ई' या अक्षरावर बसते आणि सांगते, मला स्पष्ट 'ए' म्हणा. दुसरी रेघ उलट्या बाजूला कललेली; 'ई'वर ती आली की तोंड जरा जास्त उघडायचं. तिसरी घराच्या छपरासारखी टोपी. चौथी म्हणजे शेजारी शेजारी दोन टिंबं. आणि पाचवी 'सी' या अक्षराच्या पायाला लटकलेली शेपटी. सोळाव्या शतकात, १५३०च्या सुमाराला, पॅरिसच्या मुद्रकांनी या खुणा छापायला सुरुवात केली. वाचणाऱ्याची जीभ अडखळू नये, हा साधा हेतू.

आता 'झोए' हे नाव घ्या. शेवटच्या अक्षरावरची रेघ काढली, तर नियमाप्रमाणे ते अक्षर मुकं होतं आणि पोरगी नुसती 'झो' उरते. 'क्लोए'ची होते 'क्लो'. 'आनाईस' या नावात दोन टिंबं असतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्हा दोन स्वरांना वेगळं वेगळं म्हणा. टिंबं पुसली की दोन्ही स्वर एकमेकांत विरघळतात आणि 'आनाईस'ची 'आने' होते. 'फ्रान्स्वा' या नावातल्या 'सी'ची शेपटी तोडली, तर तो 'फ्रान्क्वा' होतो. यात शोभा कुठे आली? हे तर आपले काना, मात्रा, वेलांटी!

खरं म्हणजे मराठी माणसाला याचं अप्रूप वाटायलाच नको. एका मात्रेनं 'मल'चा 'मेल' होतो आणि एका कान्यानं 'मल'चा 'माल', हे आपण पाटीवर गिरवून शिकलो. उलट आपल्याकडेही काही ठिकाणी खुणेची उणीव भासते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे 'जगून दाखव'. दोन्ही 'ज' वेगळे, लिहिताना मात्र एकच. शेपटीसारखी एखादी खूण आपण जोडली असती, तर परप्रांतातून आलेल्या सुनांचे किती तरी घोळ वाचले असते!

मग आम्ही अर्थांकडे वळलो. आणि काय सांगू, ती परकी यादी बघता बघता आपल्या आळीतल्या मुलींची झाली.

क्लोए म्हणजे ग्रीक भाषेत कोवळा हिरवा कोंब. म्हणजे आपली पल्लवीच की! झोए म्हणजे जीवन. इरेन म्हणजे शांती. मेरी क्युरीच्या लेकीचं हे नाव, तिनंही १९३५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. आन्येस म्हणजे निर्मळ, आपली शुचिता. एमे म्हणजे जिच्यावर प्रेम केलं गेलं ती. दोरोते म्हणजे देवानं दिलेली. तेच दोन ग्रीक शब्द उलट क्रमानं लावले की मुलाचं नाव तयार होतं, तेओदोर, आपला देवदत्त. नोएल म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. आपण ज्याला 'नाताळ' म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि नोएल, नाताळ दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं आहेत. शब्दांनाही चुलत भावंडं असतात बघा.

आणि मेलानी? मेलानी म्हणजे काळी, सावळी. श्यामला! गोऱ्यांच्या देशात लोक लेकीचं नाव हौसेनं 'काळी' ठेवतात आणि आपण कृष्णाची आरती करून सुनेचा रंग बघतो. असो.

पण अर्थाच्या यादीवर फार विसंबू नये, हेही मी तिला सांगितलं. 'सेसील' हे नाव ज्या रोमन घराण्यावरून आलं, त्याचं मूळ 'आंधळा' या शब्दात आहे. म्हणून कुणी ते टाकून दिलं नाही. संत सेसील ही संगीताची पालक संत, २२ नोव्हेंबर तिचा दिवस, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरांत हे नाव कौतुकानं ठेवतात. 'लेआ' हे हिब्रू नाव. त्याचा एक अर्थ लावतात 'थकलेली'. या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये सर्वांत जास्त ठेवल्या गेलेल्या मुलींच्या नावांत ते होतं. थकलेली म्हणून कुठल्या आईनं ते ठेवलं नसणार. हाक मारायला गोड वाटलं म्हणून ठेवलं. नावात अर्थ असतोच, पण ते नाव घेऊन जी बाई जगते तीही त्यात अर्थ भरत जाते. आपल्या आजीचं नाव 'ठकू' असो की 'धोंडी', ते आठवलं की डोळ्यांसमोर धोंडा येत नाही, आजी येते.

छपरासारख्या टोपीची गोष्ट मला फार आवडते. 'बन्वा' हे मुलाचं नाव, अर्थ 'आशीर्वाद लाभलेला'. पूर्वी त्यात 'एस' हे अक्षर होतं. उच्चारातून ते कधीच गेलं, पुढे लिहिण्यातूनही गेलं, पण जाताना शेजारच्या अक्षरावर टोपी ठेवून गेलं. घरातलं माणूस गेल्यावर भिंतीवर फोटो लावावा, तसं. १९९०च्या शुद्धलेखन-सुधारणेत काही शब्दांवरची ही टोपी काढली तरी चालेल असं ठरलं. विशेषनामांना मात्र हात लावला नाही. शब्द सगळ्यांचा असतो, नाव एकाचं असतं, म्हणून!

आपल्याकडेही हे घडलंय. जुनी पुस्तकं काढून बघा, माझ्या आजीची पत्रं तर अशीच आहेत. 'नाव' या शब्दावर पूर्वी अनुस्वार असायचा, 'नांव'. पाण्यातली ती 'नाव' आणि माणसाचं ते 'नांव'. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मुलांचं ओझं हलकं झालं, ते बरंच झालं. पण मला मात्र मौज वाटते, की 'नांव' याच शब्दाच्या डोक्यावरची खूण आपण उतरवून ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढा रेघांचा काथ्याकूट कशाला? तर ऐका. फ्रान्समध्ये एका खुणेपायी एक बाळ कोर्टात गेलं.

तिथे नावांवर सरकारची करडी नजर फार जुनी. १८०३च्या कायद्यानं ठरवून दिलं होतं, की नाव पंचांगातल्या संतांचं असावं नाहीतर प्राचीन इतिहासातल्या माणसाचं. १९६६पासून हा नियम सैल होत गेला आणि १९९३च्या कायद्यानं आईबापांना हवं ते नाव ठेवायची मोकळीक मिळाली. तरी नाव बाळाच्या हिताचं नाही असं नोंदणी अधिकाऱ्याला वाटलं, तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि न्यायाधीश ते रद्द करू शकतो. एका जोडप्यानं लेकीचं नाव 'न्यूटेला' ठेवलं होतं, पावाला लावायच्या चॉकलेटच्या त्या बरणीवरचं! २०१४ मध्ये न्यायाधीशांनी ते काढून 'एला' केलं. मला विचाराल तर छान केलं.

पण २०१७ सालची गोष्ट वेगळी. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, त्यांची बोली वेगळी, ब्रेटन. तिथल्या एका जोडप्यानं मुलाचं नाव ठेवलं 'फाँश'. फ्रान्स्वा या नावाचंच हे ब्रेटन रूप. ते लिहिताना 'एन'वर लाटेसारखी नागमोडी रेघ येते. उच्चार नाकातून करा, असं ती सांगते. थोडक्यात, त्यांचा चंद्रबिंदू! आता सरकारच्या २०१४च्या परिपत्रकात नावात चालणाऱ्या खुणांच्या अक्षरांची यादी आहे, एकूण सोळा. त्यात ही लाट नाही. कॅम्पेर शहरातल्या न्यायालयानं सप्टेंबर २०१७ मध्ये ती नाकारली. निकालात देशाच्या एकतेचा मुद्दा आला. एका बाळाच्या नावावरच्या लाटेनं देश कसा दुभंगणार, ते तो न्यायाधीश जाणे! आईबाप अपिलात गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये रेनच्या अपील न्यायालयानं सांगितलं, ही खूण फ्रेंचला अनोळखी नाही, ठेवा. सरकारी वकील आणखी वर गेले, पण ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे त्यांचं काही चाललं नाही. बाळ तोवर अडीच वर्षांचं झालं होतं. पुढे २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतल्या अशा खुणांना नावांत सरसकट मान्यता देणारं कलम संसदेनं मंजूर केलं, तर घटना परिषदेनं तेच कलम रद्द केलं.

आपण 'चालतंय की' म्हणून सोडून दिलं असतं. सोडून देतोच. माझ्या सासूबाईंचं नाव रमा. सुटसुटीत, दोन अक्षरी. कुठल्याशा यादीत ते इंग्रजीत लिहिलं गेलं आणि मग यंत्रानं ते पुन्हा मराठीत आणलं, तेव्हा झालं 'रामा'. एक काना जास्त! कार्यालयातल्या मुलानं हाक मारली, "रामा कोण आहेत? त्यांना स्वतःला यावं लागेल." पंचाहत्तरीच्या सासूबाई काठी टेकत पुढे झाल्या. रांगेतली माणसं हसली. घरी येऊन त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईनं हौसेनं ठेवलेलं नाव गं." त्यानंतर ते दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र, फोटो, झेरॉक्स, तीन खेपा. तुमच्यापैकी कितीजणींची नावं आधार कार्डावर एक, पासबुकात दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं आहेत? योजनेचा फॉर्म भरताना, पेन्शन सुरू करताना, वारसाची नोंद लावताना ही वेलांटी आडवी येते. तेव्हा कळतं, की कान्याची किंमत अर्धा मार्क नसते.

अगदी खरं सांगायचं तर फ्रेंच लोकही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. टाइपरायटरच्या काळापासून मोठ्या लिपीत लिहिताना रेघा गाळायची सवय त्यांनाही लागली. त्यांची भाषेची अकादमी सांगते, की मोठ्या अक्षरांवरही खुणा द्यायलाच हव्यात. पासपोर्टच्या खालच्या यंत्राच्या ओळींत तर त्या येतच नाहीत. यंत्रापुढे सगळेच 'रामा'!

बोलता बोलता यादीतल्या एका नावाशी ती थांबली. "मॅडम, हे कसं म्हणायचं?"

"देझिरे," मी म्हटलं. "दोन रेघा आहेत. दुसऱ्या अक्षरावर एक आणि शेवटून दुसऱ्या अक्षरावर एक."

"अर्थ?"

"हवी होती अशी. हवीहवीशी."

पलीकडे फोन एकदम गप्प झाला. मला वाटलं, लाइन गेली.

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या धाकट्या मावशीचं नाव नकुसा आहे."

तो मघाचा धागा आता आठवा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. एकापाठोपाठ मुली झाल्या की आता पुढची नको, म्हणून शेवटचीचं नावच 'नकुसा' नाहीतर 'नकोशी' ठेवायचे. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव, लग्नपत्रिकेत तेच, रेशनकार्डावर तेच. जन्मभर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी नको होते. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या २८५ मुलींनी हे नाव टाकून नवी नावं घेतली, हातात नव्या नावाची प्रमाणपत्रं घेतली. वर्तमानपत्रांत ते फोटो तुम्ही पाहिले असतील. पण मावशी तेव्हा तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई. तिचं राहूनच गेलं.

देझिरे आणि नकुसा. दोन देशांतली दोन नावं, एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. यादीत अर्थ वाचताना आपण 'किती गोड' म्हणून पुढे सरकतो. पण काही अर्थ गोड नसतात, ते हिशेब चुकते करणारे असतात.

या नावाबद्दल आणखी एक गोष्ट तिला सांगितली. देझिरे हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही. उच्चार अगदी सारखा. मुलीच्या नावाला शेवटी एक जास्तीचा 'ई' लागतो आणि तो मुका असतो. 'पुन्हा जन्मलेली' या अर्थाचं 'रने' हे नावही तसंच. म्हणजे ती मुलगी आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही, फक्त कागदावर दिसतं. म्हणूनच कागद नीट लिहायचा. बायकांचं अस्तित्व कागदावरून किती सहज गळून पडतं, हे सातबारा पाहिलेल्या बाईला मी काय सांगावं!

इतिहासात एक देझिरे होऊन गेली. मार्सेच्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी, देझिरे क्लारी. नेपोलियनशी तिचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. पुढे तिनं त्याच्याच एका सेनापतीशी लग्न केलं आणि तो चक्क स्वीडनचा राजा झाला. देझिरे राणी झाली, आणि राणी होताना तिचं नाव बदलून केलं 'देसिदेरिया'! राणी असली म्हणून काय झालं, सासरी गेली की नाव गेलंच.

आपल्याकडे तर ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून नाव बदलायचे. माझंही बदललं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट कौतुकच होतं. आता माझ्या माहेरच्या नावानं हाक मारणारी एकच आत्या उरली आहे. तिचा फोन आला की मी क्षणभर आठ वर्षांची होते. फ्रान्समध्ये १७९४चा एक कायदा अजून मानतात, की जन्माच्या दाखल्यावरचं नाव हेच माणसाचं खरं नाव. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव बाईनं हवं तर वापरावं, पण ते वापरापुरतं. आणि पहिलं नाव बदलायचं झालं तर तिनं स्वतःहून बदलावं. चित्रपट दिग्दर्शक आन्येस वार्दा हिचं जन्मनाव आर्लेत. आर्ल गावाच्या आठवणीत आईबापांनी ठेवलेलं. अठराव्या वर्षी तिनं ते कायद्यानं बदलून 'आन्येस' करून घेतलं. तिचं तिनं ठरवलं, रेघेसकट!

आपल्याकडेही वारं बदलतंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं ठरलं. म्हणजे आता लेकराच्या दाखल्यावर तुमचंही नाव आहे. तेही बरोबर लिहिलंय ना, ते बघा.

मला वाटतं, आपण नाव शोधण्यात महिना घालवतो आणि ते लिहिण्यात मिनिटसुद्धा घालवत नाही. मोबाइलवर याद्या चाळतो. 'युनिक' हवं, दोन अक्षरी हवं, वर्गात दुसऱ्या कुणाचं नको. परकं नाव ठेवायला माझी हरकत नाही. आपली कितीतरी नावं फारसीतून आली आणि घरची झाली. पण ठेवाल ते जाणून ठेवा. यादीतला अर्थ एखाद्या जाणत्या माणसाला विचारून घ्या, कारण अशा याद्यांत वाट्टेल त्या नावाला 'परी' नाहीतर 'देवाचा प्रकाश' असा अर्थ चिकटवलेला असतो. ते नाव ओसरीवरून मोठ्यानं हाक मारून बघा. आजीच्या तोंडात बसतं का ते बघा. मग मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा. जन्मदाखला हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी दोन्ही भाषांतलं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मागच्या रांगेतलं कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे. पुढच्या पन्नास वर्षांच्या खेपा वाचतील. आणि घरात अजून कुणी 'नकुसा' असेल, कुणी 'रामा' झालेली 'रमा' असेल, तर तिचं नाव दुरुस्त करून घ्यायला तिच्यासोबत जा. एवढं तरी आपण एकमेकींसाठी करू शकतो.

बाळ झालं. सहा पौंडांची, डोकंभर जावळ असलेली मुलगी. तिसऱ्या दिवशी बाप नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवून आला. पहिलं नाव ईप्सिता. म्हणजे पुन्हा 'हवी असलेली'च, आपल्या संस्कृतातली. दुसरं देझिरे. आपला पहिला दीर्घ 'ई' त्यांच्या लिपीत मावला नाही आणि त्यांच्या दोन रेघा आपल्या लिपीत मावणार नाहीत. चालायचंच. दोन्हीकडचं थोडं थोडं सांडणार.

बारसं बाराव्या दिवशीच झालं, मोबाइलच्या पडद्यावर. इकडे साताऱ्याकडच्या त्या घरात पाळणा रिकामाच सजवला होता. बाळाच्या आत्यानं तिकडे कानात कुर्रर्र केलं. इकडे नकुसा मावशी पदर सावरत पडद्याजवळ गेली आणि तिनं विचारलं, "काय ठेवलं म्हणे नाव? त्याचा अर्थ काय गं?"

बाळाच्या आईनं सांगितला.

मावशी काही बोलली नाही. तिनं रिकाम्या पाळण्याला एक झोका दिला.

रात्री मला निरोप आला, सोबत दाखल्याचा फोटो. "मॅडम, सही करायच्या आधी वाचायला दिलं होतं. यांनी बोट ठेवून वाचलं. दोन्ही रेघा आहेत. मोजल्या."

मी लिहून पाठवलं, "पूर्ण मार्क."